खर्ड्याला आरामात

नेवाशातल्या इलेक्ट्रिक मोटरसायकलींच्या शोरूममधला तो विक्रेता प्रश्न पुरा व्हायच्या आतच उत्तर देतो. बोलताना सीटवर थापा मारत राहतो, बाजारात बैल विकायला उभा असल्यासारखा.

मी त्याला विचारलं, "दर शनिवारी खर्ड्याला लेकीकडं जायचंय. एका चार्जिंगमध्ये..."

"आरामात, गुरुजी! डोळे झाकून न्या."

"आणि वाटेत संपली तर?"

"कुठल्याबी हॉटेलात लावा की. मोबाईलसारखंच हाय."

मागं कोण बसणार, वाटेत चढ किती, हे त्यानं विचारलं नाही. मीही मूर्खासारखा भुललो. पहिल्याच शनिवारी जामखेडच्या अलीकडं गाडी बंद पडली. ढकलत हॉटेल गाठलं, तर चार्जरची जाड पिन तिथल्या सॉकेटात बसेना. शेवटी शेजारच्या पिठाच्या गिरणीतल्या बाईंनी दळण थांबवून त्यांचं मोठं सॉकेट दिलं. चार तास तिथंच बसलो. फोन केला तर हा म्हणतो, "रेस जास्त पिळली असंल तुमी."

सोमवारी भांडायलाच गेलो. तिथं एक आशाताई उभी होती. वस्त्यांवरच्या बाळंतिणींकडं जायला तिला गाडी हवी होती. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"ह्यांनाच इचारा ताई! गुरुजी खर्ड्याला जाऊन आले ह्याच गाडीवर."

"चार तास गिरणीत बसून," मी म्हणालो.

ती पिशवी उचलून निघून गेली. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाला, "पन पोचला का न्हाई?"