उजवीकडच्या पट्ट्या

आमची ताई घाबरणाऱ्यातली नाही. घरात उंदीर निघाला की ती केरसुणी घेऊन मागे धावते आणि मी टेबलावर उभी राहून सूचना देते. म्हणून मंगळवारी दुपारी तिचा फोन आला आणि ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "लगेच ये, कुणाला सांगू नकोस," तेव्हा मी हातातलं काम टाकून निघाले.

ताई अंधांच्या वाचनालयात आहे. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देतात, ती कॉम्प्युटरवर तो आवाज साफ करते. खोकला काढायचा, पंख्याची घरघर काढायची, वाचणाऱ्याच्या पोटातली गुरगुरसुद्धा काढायची. गेली सव्वीस वर्षं हेच.

पोचले तर दाराला आतून कडी. दोनदा फोन केला तेव्हा कुठे उघडली. खोली एवढीशी, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, टेबलावर ओळीने तीन हेडफोन.

"तिन्ही बिघडलेत," ताई म्हणाली. "सगळ्यांचा आवाज मंद. आणि हे बघ."

सहा अंध वाचकांनी पुस्तकं परत पाठवली होती. आवाज कानाला टोचतो, ऐकवत नाही, अशी तक्रार.

"चार वाजता आमच्या मुख्य मॅडम स्वतः ऐकायला येतायत. तुझे कान चांगले आहेत. ऐक आणि खरं सांग."

मी हेडफोन चढवला आणि दुसऱ्याच वाक्याला ओढून काढला. एकेक 'स' सुई टोचल्यासारखा.

"अगं बाई, माणसांच्या कानाला भोकं पाडतेस की काय!"

पडद्यावर इक्वलायझर उघडा होता. दहा उभ्या पट्ट्या, माउसने वरखाली करायच्या. डावीकडे जाड आवाजाच्या, उजवीकडे बारीक आवाजाच्या. डावीकडच्या जागच्या जागी होत्या. उजवीकडच्या एकीपेक्षा एक वर, शेवटची तर पार टोकाला.

"हे कुणी केलं?"

"मीच. हेडफोन मंद, म्हणून थोडंथोडं वाढवत गेले. मला नीट वाटेपर्यंत. आणि पुस्तकंही तशीच सेव्ह केली."

मी सगळ्या पट्ट्या शून्यावर आणल्या. आवाज कसा स्वच्छ झाला! मोठ्या तोऱ्यात मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. "घे. काही बिघडलेलं नाही."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"भिंतीपलीकडून बोलतायत," ती म्हणाली. "शब्द कळतच नाहीत गं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. दोघींना बाबाच आठवले.

बाबांना चाळिशीनंतर ऐकू येईना. कारखान्यातल्या यंत्रांमुळे, असं सगळे म्हणायचे. पण आत्याही बहिरी झाली होती आणि तिने कारखान्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. जेवताना आम्ही हसलो की बाबा विचारायचे, "काय झालं?" आम्ही म्हणायचो, "काही नाही." परत सांगायचा कंटाळा, दुसरं काय! यात माझा पहिला नंबर. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. शेवटची दहा वर्षं तो माणूस आमच्यात बसून एकटा जेवला.

"नोकरी गेली तर जाऊ दे," ताई म्हणाली. "पण तुम्ही सगळे मलाही 'काही नाही' म्हणाल. त्याची भीती वाटते मला. फार भीती वाटते."

माझा हात आपोआप माझ्याच कानावर गेला. ताईनंतर नंबर माझाच.

मग तिनेच तोडगा काढला. मी रोज दुपारी यायचं, पट्ट्या माझ्या कानांनी लावायच्या, कुणाला काही कळू द्यायचं नाही. आणि मी शहाणी, हो म्हणाले.

चारला दार वाजलं. ताई पडद्याकडे तोंड करून बसली होती, ती हललीच नाही. मी उठून उघडलं. मॅडम काठी टेकत आत आल्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. जे काही कळायचं ते कानांनी. त्यांनी शांतपणे पानभर ऐकलं.

"आता छान आहे. काय झालं होतं?"

"हेडफोन बिघडला होता, मॅडम," ताई म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

मॅडम तिच्या पाठीमागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "पाणी मिळेल का?"

ताई गप्प. मॅडमनी तसंच पुन्हा विचारलं. मी वेड्यासारख्या खुणा करत होते. ते बघून ताई वळली आणि हसून म्हणाली, "हो मॅडम, आठवड्याभरात सगळी पुस्तकं दुरुस्त करते."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मॅडम एक पाऊल पुढे आल्या. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने विचारलं, "किती दिवस झाले?"

ताई रडायलाच लागली. "तीन वर्षं असतील. पट्ट्या मीच चढवल्या, मॅडम."

"मला माझं न दिसणं लपवता आलं नाही, म्हणून माझं निभावलं. उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जा आणि परवा कामावर या. पट्ट्या शून्यावर आहेत की नाहीत हे बघायला डोळे पुरतात, आणि ते तुमचे चांगले आहेत. ऐकायला मी बसेन शेजारी."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. कुठला आवाज किती ऐकू येतो ते दाखवणारा कागद डॉक्टरांनी दिला. त्यावरची रेघ डावीकडे सरळ होती आणि उजवीकडे घसरत पार खाली गेली होती. ताईने तो कागद खालची कड वर करून पालथा केला, उजेडासमोर धरला आणि उजवीकडे चढत गेलेली रेघ बघतच राहिली.

"या तर माझ्याच पट्ट्या," ती म्हणाली. तीन वर्षं हेडफोनला शिव्या घालत तिने आपल्या कानांचंच चित्र काढलं होतं.

कानाचं मशीन पुढच्या आठवड्यात मिळणार होतं. आम्ही रस्त्याने निघालो. गाड्यांची ही गर्दी. चालता चालता माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांना आपण फार छळलं."

"काय म्हणालीस?"

"काही..." इतकं आलंच तोंडात. ताई जागीच थांबली. तिने माझा दंड घट्ट धरला, डोळ्यांत तीच भीती. बाबांच्या डोळ्यांत हेच असायचं आणि मी ते कधी बघितलं नव्हतं.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि भर रस्त्यात ओरडले, "बाबांना आपण फार छळलं!"

दोघातिघांनी वळून बघितलं.

"हो," ताई म्हणाली. घरी पोचेपर्यंत तिने माझा दंड सोडला नाही.