शांतीलालनी पोर

राजेंद्रशेठचं काम रोशनीला स्वतःच्या नावावर हवं होतं. तापीकाठच्या गावातून नंदुरबारला येतानाच तिनं ठरवलं होतं, की बापाची ओळख काढायची नाही. तिचा बाप शांतीलाल वीस वर्षं शेठच्याच पथारीवर, म्हणजे वाळवणीच्या मैदानावर, मिरची घालत आला होता. शेठनं आडनाव विचारलं तेव्हा ती लॅपटॉपची वायर शोधू लागली.

कुठला माल ओला, कुठला सुकला, हे शेठना फोनवर दिसायला हवं होतं. रोशनीनं टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘मिरची’ नावाचा क्लास, म्हणजे मालाच्या नोंदीचा साचा, लिहिला. त्यात ‘अवस्था’ ओली किंवा सुकी, दोन्ही चालत. त्याच्या पोटी ‘तयार माल’ हा दुसरा क्लास. अवस्था त्याला वारशानं मिळालेलीच होती. पण तयार माल ओला कसा असेल? म्हणून तिनं तिथं अवस्था पुन्हा लिहिली: फक्त सुकी. लॅपटॉपवरच्या कोड एडिटरनं त्या ओळीखाली लाल रेघ ओढली. प्रोग्राम तरी चालत होता, आणि लाल रंगाला बिचकून नंदुरबारात कुणाचं भागलंय?

शेठनं फोन हातात घेतला. ओल्या मालापुढे ‘ओली’ आलं. तयार मालापुढे काहीच नाही.

“मन्ही मिरची सुकनी, का उडी गई?” शेठनं शांतपणे विचारलं.

पथारीवर देठं खुडणाऱ्या बायका हसल्या. त्यांतल्या सुंदरबाईनं तर मोठ्यानं शिंकून मिरची जागेवरच असल्याची ग्वाही दिली.

रोशनीनं मग ती लाल सूचना वाचली. अट घालायला जाऊन तिनं नवं, रिकामं घरच मांडलं होतं. मूळ क्लासनं भरून पाठवलेलं त्यात पुसलं गेलं होतं. ओळीच्या आधी ‘डिक्लेअर’ एवढा एक शब्द हवा होता. म्हणजे नवं काही मांडत नाही. आलेलं तसंच राहू दे, ते सुकीच असेल एवढंच सांगते. तिनं तो घातला. ‘सुकी’ उमटलं.

“कोनी पोर शे तू?” शेठनं पुन्हा विचारलं.

आता वायर हाताशीच होती. तिनं बापाचं नाव सांगितलं.

“मंग पयलेच सांगानं ना. काम तुन्हंच शे.”

शेठनं तिचा नंबर नोंदवून घेतला. तिनं हळूच डोकावून पाहिलं: ‘शांतीलालनी पोर कम्प्युटरवाली’. रोशनी कुठेच नव्हती. आलेलं तसंच राहिलं होतं, पुढे अट तेवढी लागली होती. तिला चूक काढता येईना.