माघातला तारपा

त्या जपानी संगीतकाराने मला तीनदा विचारलं होतं, "म्हातारा आपल्या खुशीने वाजवतोय ना?" तिन्ही वेळा मी "हो" म्हणालो. आता तो संगीतकार हयात नाही. ज्याला सांगायला हवं होतं तोच गेला, म्हणून निदान लिहून ठेवतो आहे.

मी जव्हारला एका कार्यालयात कारकून आहे. घरकुलांची प्रकरणं माझ्या हातून पुढे जातात. संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवतो. या दोन्ही गोष्टी नसत्या तर मी यात आलोच नसतो. परदेशी पाहुणा येतोय, संगीतातला आहे, चार वाक्यं इंग्रजी बोलणारा आणि सूर कळणारा माणूस सोबत हवा, असा निरोप आला आणि साहेबांनी माझं नाव पुढे केलं. मला बरंच वाटलं. फायलींतून पाच दिवस सुटका होती.

संगीतकार सत्तरीचा होता. किडकिडीत, डोक्यावर कापडी टोपी, उजवा कान गेलेला. त्याच्याबरोबर एक तरुण मदतनीस बाई होती. तो जपानीत बोलायचा, ती इंग्रजीत सांगायची, मी मराठीत. कुणी जपानी चित्रकार आश्रमशाळेच्या भिंती रंगवायला आला असताना मोबाइलवर इथल्या एका म्हाताऱ्याच्या तारप्याचा तुकडा रेकॉर्ड करून घेऊन गेला होता. तो ऐकून संगीतकार डॉक्टरांशी भांडून इथवर आला होता. पुढच्या महिन्यात त्याचं ऑपरेशन होतं. त्याआधी एक शेवटची रचना करायची होती आणि त्यात तारपा हवा होता.

अडचण एकच होती. तो माघात आला होता.

तारपा म्हणजे वाळलेल्या दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या बसवून, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा लावून केलेलं वाद्य. भात फुलोऱ्यावर आलं की तो आढ्यावरून खाली काढतात आणि मळणी उरकली की पुन्हा चुलीवरच्या आढ्याला टांगतात. मधल्या महिन्यांत त्याला तोंड लावायचं नाही. अवेळी वाजवला तर कणसरी, म्हणजे धान्याची देवी, रुसून निघून जाते. हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं.

पाहुण्यांना नेण्याच्या आदल्या दिवशी मी एकटाच वावर गावाच्या पुढच्या त्या म्हाताऱ्याच्या पाड्यावर गेलो. पाडा अर्धा रिकामा होता, माणसं वीटभट्टीवर गेलेली. म्हातारा तारपकरी अंगणात टोपलीचा काठ विणत बसला होता. त्याची बायको सुपात नागली पाखडत होती.

"बाबा, जपानवरून पाहुणा आलाय. फार मोठा संगीतकार. तुमचा तारपा ऐकायचाय त्याला."

"दिवाळीला आन."

"तोवर त्याला जमायचं नाही. आजारी आहे."

म्हातारा टोपली फिरवत म्हणाला, "काय करतो तो तिकडं?"

"गाणी बांधतो. सात-आठशे तरी बांधलीत."

म्हातारी खदखदून हसली. "यवढी बांधली तरी पोट नाय भरला? मंग आमचा एक कशाला पायजे?"

मीही हसलो. मग मी ते वाक्य बोललो. आवाज चढवला नाही, चेहराही बदलला नाही. "बाबा, तुमच्या घरकुलाची फाईल माझ्याच टेबलावर आहे."

सूप थांबलं.

ही धमकी नव्हती, असं मी नंतर कित्येक महिने स्वतःला समजावलं. फाईल खरंच टेबलावर होती. पण आम्ही कारकून कधी "काम होणार नाही" असं म्हणत नाही. "टेबलावर आहे" म्हणतो. ऐकणाऱ्याला काय ते कळतं. म्हाताऱ्यालाही कळलं. त्याने टोपली बाजूला ठेवली आणि विचारलं, "उद्या कवा येता?"

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये संगीतकार मागे माझ्या शेजारी बसला, डावा कान माझ्याकडे करून. रस्ता उखडलेला होता, जीप बैलगाडीच्या चालीने जात होती. त्या दीड तासात त्याने पुढे बसलेल्या मदतनीस बाईकरवी मला आपलं आयुष्य सांगितलं.

त्याचा जन्म उत्तरेकडच्या एका कोळीवाड्यासारख्या बंदरातला. बाप होड्या दुरुस्त करायचा. बर्फात शाळा बंद असली की हा शाळेतली पायपेटी वाजवायला खिडकीतून आत शिरायचा. अठराव्या वर्षी राजधानीत गेला, एका गाण्याबजावण्याच्या बारमध्ये पेले धुतले, तिथल्याच वादकांकडून चाली लिहायला शिकला. मग एक गाणं गाजलं. टॅक्सीत, न्हाव्याच्या दुकानात, लग्नात, सगळीकडे तेच. पुढची वीस वर्षं कंपनीचा माणूस सोमवारी गायिकेचा फोटो आणून द्यायचा आणि शुक्रवारी चाल घेऊन जायचा. "चेहरा बघून चाल लिहायची," तो म्हणाला. "आवाज नंतर कळायचा." त्याची गाणी सगळ्यांना पाठ होती, पण रस्त्यात त्याला कुणी ओळखलं नाही. पुढे चाली यंत्रावर होऊ लागल्या, फोन यायचे थांबले, आणि एका सकाळी उजव्या कानातला आवाज गेला.

मी विचारलं, तारपाच का? त्याने हात छातीवर ठेवला. "माझ्या प्रत्येक गाण्यात दर दोन ओळींना मी श्वासाची जागा ठेवली. गायिकेला दम घेता यावा म्हणून. हा माणूस दम घ्यायला थांबतच नाही." ते खरं होतं. तारपकरी नाकाने श्वास ओढत तोंडाने फुंकत राहतो, सूर तुटत नाही.

पुढचं त्याने मदतनीस बाईला थांबत थांबत सांगितलं. सोळा वर्षांची एक गायिका होती. घसा सुजलेला, ताप. गाणं बाजारात यायची तारीख ठरलेली. कंपनीच्या माणसाने तिला विचारलं, गाशील ना? ती हो म्हणाली. "मला माहीत होतं की ती नाही म्हणूच शकत नाही. तिच्या घरचे पाचजण तिच्यावर जगत होते. मी काचेच्या पलीकडून तिच्याकडून एकवीस वेळा गाऊन घेतलं. एकविसावं चांगलं आलं." ते त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं. ती मुलगी त्यानंतर गायली नाही. आवाज परत आला नाही.

जीप नाल्यात उतरली, वर चढली. त्याने पहिल्यांदा विचारलं, "हा म्हातारा खुशीने वाजवतोय ना? नसेल तर आपण इथूनच परत जाऊ. मला राग येणार नाही."

मला जीप थांबवता आली असती. "हो," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा त्याने अंगणात विचारलं. म्हाताऱ्याने त्याला वाकून नमस्कार केला नाही म्हणून नव्हे. म्हातारा त्याच्या डोळ्यांत बघत नव्हता म्हणून. उलट तोच म्हाताऱ्यासमोर कंबरेत पार वाकला, आणि भट्टीवर न गेलेली दोन-चार बायामाणसं हसली. "याची कंबर मोडली काय?" "टोपी पडली असंल, शोधतोय."

"हो. लाजतात ते," मी सांगितलं. "खूश आहेत."

तिसऱ्यांदा त्याने माईक लावून झाल्यावर विचारलं. मी नुसती मान हलवत हो म्हणालो.

म्हातारी घरातून बाहेर आलीच नाही. म्हाताऱ्याने तारपा मांडीवर घेतला, रिकाम्या शेताकडे तोंड केलं आणि पुटपुटल्यासारखं बोलला, "माये, रुसू नको. माझा इलाज नाय." मग कर्णा जमिनीकडे करून फुंकर घातली.

मदतनीस बाईने हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

"प्रार्थना," मी म्हणालो.

वीसेक मिनिटं तारपा वाजला. एरवी तारप्याभोवती हातात हात गुंफून माणसांचं कडं फिरतं. तेव्हा कुणी उठलं नाही. एक कोंबडी तेवढी अंगण ओलांडून गेली. संगीतकार डावा कान पुढे करून बसला होता आणि रडत होता. मी पुढच्या सोमवारी फाईल पुढे सरकवली. एका गरिबाचं काम केलं, असंही मला त्या दिवशी वाटलं होतं.

त्या वर्षी भात चांगलं आलं होतं. कापून शेतात पसरलं आणि दिवाळीच्या तोंडावर चार दिवस पाऊस लागला. लोंब्यांना कोंब फुटले. जव्हारपासून मोखाड्यापर्यंत सगळीकडेच तसं झालं. पण त्या पाड्यावर त्याला एक कारण होतं. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. नाचाच्या दिवशी शेजारच्या पाड्यावरचा तारपकरी बोलावला, एवढंच. हा म्हातारा आपल्या दारात बसून राहिला. पुढच्या वर्षीही तेच. बाजाराच्या दिवशी पाड्यावरचा एक माणूस माझ्याशी बोलता बोलता हे सांगून गेला, हवापाण्याबद्दल सांगावं तसं.

मी तेव्हाही काही केलं नाही.

मग जपानहून एक पाकीट आलं. त्यात रचनेची तबकडी आणि इंग्रजी चिठ्ठी होती. ऑपरेशननंतर त्याने अंथरुणात बसून ती पुरी केली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, "सुरुवातीची प्रार्थना मी तशीच ठेवली आहे. माझ्या सगळ्या गाण्यांत तेवढंच खरं आहे असं वाटलं." मी तबकडी लावली. आधी कोंबडीचा आवाज. मग म्हातारा, अगदी जवळून: "माये, रुसू नको. माझा इलाज नाय." मी बंद केली. तिकडे लोक हे शांतपणे डोळे मिटून ऐकत असतील, या विचाराने मला बसवेना.

पत्र लिहायला मला दोन महिने लागले. सगळं लिहिलं, फाईलचंही. उत्तर मदतनीस बाईचं आलं. तो तीन आठवड्यांपूर्वी गेला होता. तिने लिहिलं की पत्र तिने वाचलं आहे आणि त्याच्या कागदांत ठेवलं आहे. त्याखाली फक्त तिची सही होती.

आता कबूल करायला उरलेली जागा म्हणजे तो पाडाच. गेल्या वाघबारशीला, दिवाळीआधी वाघदेवाची पूजा होते त्या दिवशी, दुपारी मी गेलो. पूजा होऊन माणसं झाडाखाली बसली होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं: त्या माघात बाबांनी तारपा आपल्या मनाने वाजवला नाही. घरकुलाची भीती घालून मी वाजवायला लावला. दोष माझा आहे.

कुणी चपापलं नाही. एक वयस्क बाई पानाला चुना लावत म्हणाली, "आमाला म्हायती व्हता, साहेब."

"मग तुम्ही त्यांनाच का..."

"तुमच्यावर रागवून कसा चालंल? उद्या आमची पन फाईल तुमच्याच टेबलावर येल ना." तिने पान तोंडात टाकलं. "तो आमचा हाय. त्याच्यावर रागावता येतं."

कुणीतरी हसलं. कुणीतरी मला बसायला गोणपाट दिलं, पाणी आणलं. त्यांनी माझा पाहुणचार नीट केला.

संध्याकाळ व्हायच्या आत मी म्हाताऱ्याकडे गेलो. घरकुल पूर्ण झालं होतं. तो ओट्यावर बसला होता.

"सगळ्यांना सांगितलं, बाबा."

"आयकला." "घर चांगला हाय. गळत नाय."

मी आत डोकावलो. तारपा स्लॅबच्या कडीला टांगलेला होता. भोपळ्याला बारीक बारीक भोकं पडली होती आणि खाली फरशीवर पिवळ्या भुग्याचा रांगोळीच्या चिमटीएवढा ढीग साचला होता. जुन्या घरात चुलीचा धूर वर्षभर त्याला लागायचा, कीड धरत नसे.

म्हातारी केरसुणी घेऊन आली आणि भुगा गोळा करू लागली. "रोज झाडते," ती म्हणाली. "रोज पडतो."

"चुलीवर टांगा ना, मावशी. धूर लागेल."

ती न थांबता म्हणाली, "चूल भायेर हाय, साहेब. तिकडं आढा कुठं हाय?"