सयाजीचा चारपायी पैलवान

शिवाजी पेठेत भांडी भाड्यानं देणारे सयाजीराव सगळ्यांना माहीत आहेत. माणूस म्हणून फारसे नाहीत, पण लग्नाबारशाला मोठी कढई लागली की त्यांचं दार वाजवावंच लागतं. तालमीची पायरी ते आयुष्यात चढले ती भांडी पोचवायला. तरी चालतात असे, की दोन्ही बगलांत नारळ धरलेत. आपल्याला कोणीतरी ‘पैलवान’ म्हणावं ही त्यांची जुनी आस. पेठेनं आजवर म्हटलं नाही. पेठ बाकी उधळी, पण या बाबतीत फार चिकट.

साठीला टेकल्यावर त्यांनी सोपी वाट काढली. स्वतः पैलवान होता आलं नाही, तर पैलवान पाळायचा. मॅस्टिफ जातीच्या दांडग्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. काळं तोंड, लाटण्यासारखे पाय आणि वाढत्या अंगाचं म्हणून दोन मापं मोठं घेतल्यासारखं कातडं. नाव ठेवलं सुभेदार.

“आवं, ह्ये खाणार किती?” त्यांच्या बायकोनं, बायडाबाईंनी, विचारलं.

“खाऊ दे की. पेठ बघत राहील.”

पेठ बघतच राहिली. पिल्लाला बदामाची थंडाई सुरू झाली. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी येतात आणि समोर पिळलेलं दूध लोक उभ्यानं पितात, तिथून सुभेदारासाठी फेसाळ चरवी जाऊ लागली. अंगाला तेल, वर लाल माती. पिल्लाचं पोट बिघडलं, ते निस्तरलं बायडाबाईंनी. पैलवानकीचा हा भाग सयाजीरावांनी कायम दुसऱ्यावर सोडला.

जनावरांच्या डॉक्टर नुजहत मॅडमनी दूध-बदाम बंद केले आणि बजावलं, “काका, ह्याला आत्ताच सगळं दाखवा. रिक्षा, पोरं, बँड, म्हशी. लसीच्या सुया पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन फिरा. हे वय गेलं की घाबरट होतंय. एवढं मोठं जनावर घाबरट झालं की अवघड.”

सयाजीरावांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. “मॅडम, मैदानाआधी पैलवान लोकांत फिरवत न्हाईत. नजर लागत्या.”

झालं. सुभेदार माडीवरच्या खोलीत बंद. खिडकीला जाड पडदा. कोणी बघायला गेलं की हे जिन्यातच आडवे. “अजून तयार व्हायचाय. आणि माणसाळला तर दरारा काय ऱ्हाईल?” म्हणायचे. दरारा मात्र आधीच सुरू झाला होता, त्यांच्या बोलण्यातून. कुत्र्याची उंची रोज संध्याकाळी चहाबरोबर वाढायची.

पुढं तालमींच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना आपल्या तालमीच्या संघानं जिंकला. मिरवणूक दारावरून जाणार होती. सयाजीरावांनी ठरवलं, आजच मैदान. स्वतः फेटा बांधला, सुभेदाराला तेल चोपडलं, गळ्यात घुंगरू घातले आणि दार उघडलं.

वासराएवढं कुत्रं बाहेर आलं. गर्दी दोन पावलं मागं सरली. सयाजीरावांच्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण. तेवढ्यात हलगी कडाडली आणि सुभेदार रस्त्याच्या मधोमध फतकल मारून आडवा झाला. खाली ओलं झालं. कप हातात घेतलेला कप्तान थांबला, मागचा ट्रॅक्टर थांबला, सगळी मिरवणूक खोळंबली.

“सयाजीराव, चितपट झाला की पैलवान,” गर्दीतून कोणी ओरडलं.

“पाठ कुठं टेकल्या? पोट टेकलंय,” दुसरा म्हणाला. “नियमानं हार न्हाय.”

ओढून हलेना, उचलून पेलेना. शेवटी दुकानातली जिलेबीची कढई आणली, सुभेदाराला तीत घातलं आणि चौघांनी कड्या धरून घरात पोचवलं. मागं हलगी वाजतच होती. व्हिडिओ सगळ्या जिल्ह्यानं पाहिला.

बायडाबाईंनी मुरगूडच्या भावाला, उदयसिंहला, फोन लावला. त्याला उसाच्या फडावर बांधायला कुत्रं हवंच होतं. “चैत्रात जोतिबाला येशील तवा घिऊन जा,” त्यांनी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सयाजीरावांचं दुकान बंद होतं. पायरीवर हे बसलेले आणि मांडीवर कुत्र्याचं ते भलंमोठं डोकं. त्यांना तसं पाहून आम्ही टोमणा गिळला; फार वेळ नाही.

मग नारळ बगलेतून काढून ते मॅडमकडे गेले. “उशीर केलासा,” मॅडम म्हणाल्या. “तरी बघू. लांबून दाखवा, रोज थोडं जवळ न्या. भ्यालं की मागं फिरा. ओढायचं न्हाय.”

ज्यानं पडदे लावून कुत्रं झाकलं, तो आता रोज संध्याकाळी कट्ट्याकडे येऊन येणाऱ्याजाणाऱ्यांच्या विनवण्या करू लागला. “जरा हात लावा की. काय करत न्हाय.” लोक फुकट हात लावतात होय? “आधी तुम्ही जोर मारा,” असं म्हणणारेही निघाले, आणि सयाजीरावांनी भर रस्त्यात मारले. उठवायला माणूस लागला. म्हैस फुरफुरली की सुभेदार सयाजीरावांच्या मागं आणि सयाजीराव म्हैसवाल्या बादशहाच्या मागं.

“भाऊ, मी कुणाच्या मागं जाऊ?” बादशहा विचारायचा.

चैत्र आला. उदयसिंह पिकअप घेऊन, कपाळाला गुलाल लावून दारात उतरला. हातात जाड साखळी. “दाजी, कुठाय वाघ?”

सयाजीरावांचा चेहरा पांढरा पडला. सुभेदार बाहेर आला, त्यानं अनोळखी माणसाला हुंगलं, साखळी हुंगली आणि त्या माणसाच्याच पायावर डोकं टाकून तो आडवा झाला. पोट खाजवून मागू लागला.

उदयसिंहनं साखळी गुंडाळली. “ह्ये चोराला बॅटरी धरंल की. फडावर काय उपेगाचं?”

“काय उपेगाचं न्हाय,” सयाजीराव घाईनं म्हणाले. “पावणं, शपथेवर सांगतो, कुणाला चावत न्हाय, भुंकत न्हाय. एकदम वाया गेलंय.” आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस आपल्या वस्तूची निंदा करत होता आणि प्रत्येक शब्दागणिक फुलत होता.

बायडाबाईंनी भावाच्या हातात चहा दिला. “ऱ्हाऊ दे मग. न्हायतर ह्यांनाबी न्यावं लागंल संगं.”

पिकअप रिकामी गेली. हल्ली सयाजीराव कट्ट्यावर नव्या माणसाला सांगतात, “जनावर दांडगं असलं तरी गरीब पायजे. मी पयल्यापासनं तसंच वाढीवलंय.” आम्ही माना डोलावतो. फोनमधला व्हिडिओ ते उठून गेल्यावर दाखवतो.