शेपटीची ओळ

तांबड्या घारी वाचवायला मी पत्रक काढलं आणि त्याच पत्रकानं आमच्या काठावरचं त्यांचं एकुलतं पिल्लू मारलं. आधीच सांगून टाकतो. उगाच कुणी शेवटपर्यंत आशा धरून बसू नये.

सरकारी योजनेतल्या पांढऱ्या कोंबड्या गावात आल्या तेव्हापासून कृष्णाकाठी दिसेल त्या घारीवर बार निघत होता. कोंबड्यांची पिलं न्यायची ती काळपट घार. तिच्याबरोबर मरत होती तांबडीही, पांढऱ्या डोक्याची, नदीतल्या माशा-खेकड्यांवर जगणारी. पुस्तकात तिला ब्राह्मणी घार म्हणतात. ते नाव मी पत्रकात घातलं नाही. पाखरालाही जात चिकटवणाऱ्यांची मला चीड होती, अजून आहे. आमच्याकडे तिची एकच जोडी उरली होती, मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातल्या चिंचेवर. घरट्यात एक पिल्लू.

घारी ओळखायला मला शिकवलं एका निवृत्त हवालदारानं. फौजेत तो विमानं पाडणाऱ्या तोफेवर होता. आभाळात काळा आकार दिसला की आपला की दुश्मनाचा, हे तिथल्या तिथं सांगायचं, हीच नोकरी. मळीत उताणं झोपवून तो मला वर बघायला लावायचा. काळपट घारीच्या शेपटीला माशासारखी खाच, तांबडीची शेपटी गोल. मी रंगाचं काढलं की हसायचा.

"रंगावर जाऊ नगंस गड्या. ऊन तोंडावर आलं की समदी काळीच. अन् तांबडीचं पिल्लू वरीसभर तपकिरीच ऱ्हातंय. शेपूट बघ."

हे मी पत्रकात लिहिलं होतं. पण सांगलीच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा म्हणाला, एक ओळ जास्त होतेय, कुठली काढू? एक शेपटीची होती, दुसरी माझी घोषणा: नदीचं पाखरू मारणाऱ्याला नदी माफ करणार नाही! घोषणा काही काढवेना. लोकांना सोपं लागतं, असं त्यालाच ऐकवलं आणि शेपटीची ओळ कापली. राहिलं एवढंच, की तांबडी सोडा.

माझी पत्रकं एरवी शेंगा बांधायला जायची. हे एकच लोकांनी वाचलं, आणि पाळलंसुद्धा.

उन्हाळ्यात मी आणि हवालदार त्याच्या छपराखाली बसलो होतो. पलीकडच्या मळ्यातला शेतकरी आला. खांद्याला बंदूक, खिशात माझं पत्रक, हातात पायाला धरलेलं पाखरू.

"आवं, चिचंवर दोन तांबड्या बसल्या हुत्या. त्यास्नी हात लावला न्हाई," तो म्हणाला. "ही तपकिरी तेवढी मारली. तुमच्या कागदापरमानं."

शाबासकीसाठी तो माझ्याकडं बघत उभा. हवालदारानं पाखरू मांडीवर घेतलं, शेपटी पसरली आणि तिच्या गोल कडेवरनं सावकाश बोट फिरवलं. मला दिसेल असं.

शेतकऱ्यानं दोनदा विचारलं, चुकलं का काय? वर्षभर गावाला शिव्या घालत फिरलेला मी, त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी छापलं तेच त्यानं केलं होतं.

"तुमचं नाही चुकलं," एवढंच म्हणालो.

जोडी चार-पाच दिवस चिंचेवर ओरडत फिरली. पुढच्या वर्षी आलीच नाही.

आता खालून कुठलीही घार मला ओळखता येते. शेपटी मी अजून बघतो. दर वेळी खाच असते.