अक्काचं बोलणं

बोलायचं असलं की अक्का आधी डोळे घट्ट मिटायची. मान एका बाजूला ओढली जायची, उजवा हात आखडून छातीशी यायचा, आणि बऱ्याच वेळानं एखादा शब्द बाहेर पडायचा, तोही पहिलं व्यंजन गाळून. पाण्याला ‘आणी’, भाताला ‘आत’. तोवर समोरचं माणूस बहुधा निघून गेलेलं असायचं.

लढाईच्या काळात मी रहिमतपुरात नवी नवरी होते. नवरा फौजेत, घरात मी आणि अबोल सासरे. भिंतीपलीकडं अक्काचं घर. तिशीची असेल ती. जन्मताना अडली, रडलीच नाही, आणि तेव्हापासून हातपाय तिचं ऐकेनात. कुणी मागच्या जन्मीचं पाप म्हणायचं, कुणी देवीचा कोप. वेडी तर सगळेच समजत. तिचं बोलणं कळायचं ते एकट्या तिच्या आईला, आणि मी नांदायला आले त्याच वर्षी आई गेली.

त्यानंतर अक्का गप्पच झाली. भाऊ रानात, वहिनींच्या मागं पोरंबाळं आणि म्हशी. वहिनी दुष्ट नव्हत्या. अक्काला न्हाऊ घालायच्या, भरवायच्या, पाठीला जखम होऊ द्यायच्या नाहीत.

एकदा मी ताक मागायला गेले. वहिनी गोठ्यात होत्या, म्हणून पुढच्या सोप्यात अक्काजवळ टेकले. तिनं डोळे मिटले, अंग ताठ झालं. मी घाबरून उठू लागले.

“आंब,” ती म्हणाली. “एतंय.”

थांब, येतंय. मी थांबले. घामानं तिचं कपाळ भिजलं, तेव्हा कुठं शब्द आले, “ऊ अडतीस.”

तू रडतीस. माझ्या घरात ते कुणाला ऐकू गेलं नव्हतं. हिला भिंतीपलीकडून गेलं होतं.

मग रोज दुपारी मी तिच्याकडं जाऊ लागले. पाठीशी वाकळांची वळकटी, पायाखाली पाट असं बसवलं की तिला घास गिळायला सोपं जायचं, ठसका लागायचा नाही, आणि शब्दही लवकर यायचे. गल्लीतल्या प्रत्येकाला ती पावलावरनं ओळखायची. कुणाचं कुणाशी बिनसलंय तेही तिला ठाऊक. एकदा शेजारणी तिच्यासमोरच म्हणाल्या, “ही सुटल्याली बरी बाई.” अक्कानं डोळे मिटले. मी म्हटलं, “थांबा, ती बोलतीय.” बायका हसत थांबल्या.

“ऐकू एतं अला,” अक्का म्हणाली.

याचा अर्थ सांगायला कुणी लागलं नाही. एकेक जण उठून गेली.

लढाई संपली, नवरा परतला, आम्ही सांगलीला बिऱ्हाड केलं. निघताना वहिनींना म्हटलं, “ती बोलायला लागली की जरा थांबत जा.”

“आवं, मला कुठला येळ?” त्या म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. अक्काचा निरोप घेतला तेव्हा तिनं डोळे मिटलेच नाहीत. मला बघत राहिली.

अक्का गेल्याचं कळलं तशी मी रहिमतपूरला आले. वहिनी सूप घेऊन धान्य पाखडत उभ्या होत्या.

“शेवटाला लय बोलायच्या बघा. ‘अस, अस’ करायच्या. पाणी पाजलं, कूस बदलली, वैद्याला आणलं. तुमाला कळलं असतं. काय मागत हुत्या?”

“‘बस’ म्हणत होती, वहिनी.”

“आवं, रोज तर मी...” त्या थांबल्या. “कवा बसले मी?”

आणि सूप तसंच हातात धरून त्या खाली बसल्या.