डबा वाजला की

मुकुंदवाडीच्या आमच्या घरी नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, आणि यांनी निवृत्त झाल्यावर दुसरं घर बांधलं ते पाणी बघायला. पैठणच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याच्या काठाला. दोन खोल्या, पुढे ओटा, वर पक्षी बघायला गच्ची. गच्चीला जिना मात्र नाही, तोवर पैसे संपले. भिंतीला एक लोखंडी शिडी टेकवून ठेवलेली. मी म्हटलं, "हौसेला मोल नसतं, हे ऐकलं होतं. जिनाही नसतो, हे आज कळलं." हे हसले आणि दुर्बीण गळ्यात अडकवून वर गेले.

खोटं कशाला बोलू, मलाही ते घर आवडायला लागलं. सकाळी ओट्यावर बसलं की समोर नुसतं पाणी. काठच्या चिखलात लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे, तारेवर कोतवाल, कुंपणाखालून एक मुंगूस ठरलेल्या वाटेनं जायचं, आमच्याकडे न बघता. पण यांचा जीव होता करकोच्यांत. थंडीत लांबून येणारे, राखाडी, काळ्या मानेचे. रात्रभर उथळ पाण्यात उभे राहायचे आणि उजाडताना चालत काठावर यायचे, हरभरा खायला.

हरभरा आमच्या शेजारणीचा. तिच्या सासऱ्यांचं रान धरणात गेलेलं. पावसाळ्यानंतर पाणी मागं सरलं की ते उघडं पडायचं आणि ती तिथल्या गाळात पेरायची. वर्षातलं तेवढंच पीक. ते रान उताराच्या पलीकडे होतं, ओट्यावरून दिसायचं नाही, गच्चीवरूनच दिसायचं. रोज पहाटे ती तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवून करकोचे उठवायची.

पहिल्या वर्षी हे तिच्याशी भांडायला गेले. पक्षी निवांत बघू देत नाही म्हणून. ती म्हणाली, "तुमचं बघणं हुतंय सायेब, माझं खाणं जातंय." हे परत आले. पण दोन-चार दिवसांत यांच्या लक्षात आलं की डबा वाजला की सगळा थवा एकदम उठतो आणि ओरडत थेट आमच्या घरावरून मागच्या माळाकडे जातो. मग काय, चहा हातात घेऊन हे डब्याचीच वाट बघायचे. मी म्हटलं, तिला सांगा तरी. "नको. म्हणेल, एवढं आवडतंय तर या की उद्यापासून डबा वाजवायला."

पुढच्या थंडीत यांची फुफ्फुसं गेली. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. ते कशासाठी म्हणाले हे आम्हा दोघांनाही कळलं. मी एवढंच विचारलं, कुठल्या घरी? हे म्हणाले, "करकोच्यांच्या."

थंडी लागू नये म्हणून आतल्या खोलीत खाट टाकली, दारं-खिडक्या लावून घेतल्या. नाकात प्राणवायूची नळी. आता यांचं एकच मागणं होतं, सकाळी थवा डोक्यावरून जाताना ऐकू यावा. पहिले काही दिवस आला. डबा वाजला की हे बोट वर करायचे, म्हणजे मी बोलू नये. मग छपरावरून ते क्रर्र क्रर्र जायचं आणि यांचा चेहरा निवायचा. दिवसभराचं औषध त्या दोन मिनिटांत व्हायचं.

एकदा शेजारीण हरभऱ्याचे ढाळे घेऊन आली. दारातूनच तिनं नळी बघितली, यांचा श्वास ऐकला, ढाळे माझ्या हातात दिले आणि पाय न वाजवता गेली.

दुसऱ्या दिवशी डबा वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"करकोचे आले नाहीत," हे म्हणाले. करकोचे नाहीत तर डबा कशाला वाजेल, मलाही तसंच वाटलं. "गेले का गं? होळीच्या आधी जात नाहीत ते." मी म्हटलं, गच्चीवर जाऊन बघून येते. तर एवढ्याशा श्वासात रागावले. "त्या शिडीवरून पडलीस तर दोघांचं कोण करणार?" मग मी गेले नाही. रोज पहाटे हे जागे होऊन कान देऊन पडायचे. मग मान भिंतीकडे वळवायचे. शेवटी शेवटी विचारणंही सोडून दिलं. संक्रांतीनंतर एका सकाळी तसेच, भिंतीकडे तोंड करून गेले.

पाहुणे पांगल्यावर शेजारीण भेटायला आली. खाली बसली, पदरानं डोळे पुसले. मी विषय काढायचा म्हणून विचारलं, हरभरा कसा आहे?

"कुठला हरभरा, बाई. समदा करकोच्यांनी खाल्ला."

"ते आले होते?"

"रोज! लई हुते औंदा. पण सायबास्नी झोप लागत नसंल, म्हणलं कशाला डबा बडवायचा. मानसापरीस हरभरा मोठा हाय व्हय?"

मला तिचा इतका राग आला की समोरचा तांब्या उचलून फेकावासा वाटला. उताराच्या पलीकडे थवाच्या थवा रोज मुकाट चरत होता, आणि इथं हा माणूस ते गेले म्हणून भिंतीकडे बघत होता. पण राग धरायचा कुणावर? तिनं वर्षाचं पीक आमच्यापायी पाखरांना चारलं होतं.

"बरं केलंत, अक्का," मी म्हणाले. "झोप लागायची त्यांना."

तिला ते खरं वाटलं. जाताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे डबा वाजला. मी अंथरुणातून उठले आणि जन्मात पहिल्यांदा ती शिडी चढले. करकोचे ओरडत माझ्या डोक्यावरून माळाकडे चालले होते, इतके खालून की पंखांचा वारा लागला. उताराच्या पलीकडे खाऊन बोडकं झालेलं रान होतं, कडेला हरभऱ्याच्या चार ओळी तेवढ्या उरलेल्या, आणि मधोमध ती उभी होती. तिचं लक्ष गच्चीकडे गेलं. मला बघून ती ओशाळली आणि तिनं डबा हळूच खाली ठेवला.

"वाजवा, अक्का," मी वरून ओरडले. "वाजवा हो, वाजवा!"